बिरोबाच्या वाडीवरचं नामांतर

१६ जून १९९३

आज कामावर गेलो नाही. सकाळी कंपनीची बस नेहमीसारखी गारखेड्याच्या कोपऱ्यावर आली, दोनदा हॉर्न वाजवला आणि निघून गेली. ड्रायव्हरला कुणी सांगितलेलं दिसत नाही. मी गॅलरीतून हात हलवला, तर त्याला वाटलं मी धावत येतोय. तो परत थांबला.

पंधरा जानेवारीपर्यंत बिनपगारी रजा मंजूर झाली आहे. वाळूजला गिअर तपासायचे, दाता बिघडलेला असेल त्यावर लाल रंग मारायचा, यात अर्धं आयुष्य गेलं. वय चव्वेचाळीस. आता माणसांसाठी काहीतरी करावं असं फार दिवसांपासून मनात होतं. साक्षरता समितीचे अध्यक्ष सर्जेराव म्हणाले, "आप्पासाहेब, बायकांचा एक वर्ग चालवून दाखवा. जानेवारीत परीक्षा आहे. वीसपैकी पंधरा जणी पास झाल्या, तर तालुका संघटक म्हणून कायमचं घेतो." नाहीतर रजा संपली की मुकाट्यानं कंपनीत परत, आणि तेही रिठेच्या हाताखाली. या रिठेला मापं घ्यायला मी शिकवलं. आज तो माझ्या खुर्चीत बसला असेल. उंचीसुद्धा स्वतःच्या सोयीची करून घेतली असेल.

आशाला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बरं." एवढंच. समाजकार्य करणाऱ्याला घरून पाठिंबा मिळत नाही असं ऐकून होतो. ते खरं आहे.

२१ जून

बिरोबाची वाडी म्हणजे वाळूजच्या पुढं गंगापूर रस्ता सोडून आत, चिंचेपाशी वळायचं. मेंढरं राखणारी माणसं. आता थोडी शेती, थोडी मजुरी, दोन-चार पोरं एमआयडीसीत ठेकेदाराकडं. वर्गाला बिरोबाच्या देवळाचा सभामंडप मिळाला.

नावनोंदणीला बसलो. पहिल्याच बाईला विचारलं, "नाव?"

"कोन्तं? सासरचं का माहेरचं?"

"दोन आहेत?"

"बाईला दोन असत्याती की. लग्नात सासरचे बदलून टाकत्यात. तुमाला कोन्तं पायजे?"

वेळ जात होता. मी म्हणालो, सरकारात जे चालतं ते सांगा, आणि सगळ्यांची सासरची नावं नवऱ्याच्या नावासकट रजिस्टरला चढवली. नवऱ्यांची नावं मला गावच्या पोरांनी सांगितली, बायका गप्प बसून होत्या. मी कंपनीतही सगळ्यांना सांगायचो की नावाला काय धरून बसायचं, काम बघावं. गिअरला कुठं नाव असतं? तरी गाडी चालते.

३ जुलै

रोज संध्याकाळी सहाला जातो. आतापर्यंत वर्गाला नियमित हजर असलेले म्हणजे दोन म्हातारे आणि एक शेळी. त्यातले म्हातारे सावलीसाठी येतात आणि शेळी माझ्या तक्त्यांसाठी. 'क' ते 'घ' तिनं खाल्ले.

आज राजाबाईला, म्हणजे वाडीतल्या सगळ्यांत थोरल्या बाईला, गाठून विचारलं की बायका का येत नाहीत. ती म्हणाली, "बाप्याम्होरं तोंड वासून आ-आ करावं व्हय आमी? एखादी बाई आना संगं."

बाई आणायची कुठून? मानधन देता येणार नाही असं समितीनं आधीच सांगितलंय.

६ जुलै

आशाला घेऊन गेलो. ती दहावी झालेली आहे, तेव्हा पाट्या आणि खडू वाटण्याचं काम तिला जमण्यासारखं आहे. सतरा बायका आल्या! माझ्या प्रयत्नांना फळ येतंय.

मी भिंतीत तक्त्यासाठी खिळा ठोकत होतो, तेवढ्यात बायकांनी आशाला घोळक्यात घेऊन काहीतरी विचारलं. तिनं जरा थांबून उत्तर दिलं, आणि सगळ्या एकदम खूश झाल्या. काय ते ठोकाठोकीत ऐकू आलं नाही. खिळाही वाकडा गेला.

२ ऑगस्ट

प्रगती उत्तम. मी कंपनीच्या धर्तीवर आलेख तयार केलाय. उभ्या रेषेवर अक्षरं, आडव्या रेषेवर आठवडे. पहिला अर्धा तास मी आलेख समजावून सांगतो. नंतर हजेरी पूर्ण करणं, आलेख पुढं नेणं, समितीचा अहवाल, ही कामं मी कोपऱ्यात बसून करतो.

एकच अडचण आहे. आशा तेवढ्या वेळात बायकांच्या मधे बसून गप्पा मारते. गप्पा कसल्या, तर कुणाच्या हातावर मेंदीच्या काडीनं अक्षर काढ, कुणाला घोंगडीच्या काठावर बोटानं गिरवायला लाव. शिस्त राहत नाही. दोनदा समज दिली. ती म्हणाली, "बरं." तरी बायकांना आता जोडाक्षरंसुद्धा यायला लागली आहेत. आलेखाची ताकद मोठी असते.

१९ ऑगस्ट

आज शब्दवाचन घेतलं. फळ्यावर 'सोने' लिहून कस्तुराबाईला उभं केलं. तिनं फळा बघितला, लाजली, आणि म्हणाली, "पिवळं."

"नीट वाचा."

"पिवळंच हाय ते."

सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. आशानं बाजूला घेऊन सांगितलं, कस्तुराबाईच्या नवऱ्याचं नाव सोनाजी. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, म्हणून ती ते घेत नाही, आणि त्याच्या जवळपास जाणारा शब्दही तोंडात येऊ देत नाही. सुगंधाबाईचं त्याहून अवघड. तिचा नवरा बिरू. म्हणजे तिला स्वतःच्या वाडीचंच नाव घेता येत नाही. कंडक्टरनं "कुठं जायचं?" विचारलं की ती "चिंच आली की थांबवा" म्हणते. एकदा नवा कंडक्टर होता, त्यानं तिला गंगापूरला नेऊन सोडलं.

मी वर्गाला सांगितलं की ही अंधश्रद्धा आहे. स्कूटरवर परत येताना आशा मागून म्हणाली, "मी कधी घेतलंय का तुमचं नाव?"

मी म्हणालो, तो विषय वेगळा आहे.

८ सप्टेंबर

आज जिल्हा परिषदेचे विस्तार अधिकारी दाभाडे साहेब वर्ग बघून गेले. जानेवारीत परीक्षा तेच घेणार आहेत. कडक माणूस. हसताना त्यांना कुणी पाहिलं असेल असं वाटत नाही. त्यांनी सांगितलं, पहिला प्रश्न 'स्वतःचं पूर्ण नाव लिहा'. तो चुकला तर पुढचा पेपर तपासायचा नाही.

वाचन, हिशेब, सगळं जमेल, पण पूर्ण नावात नवरा येतो!

रस्त्यावरच्या हॉटेलात त्यांना चहा पाजायला नेलं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं का नाही यावरून पुन्हा पेपर तापलेत, त्यावर बोलणं निघालं. मी आपला नेहमीचा विचार मांडला, "साहेब, नावाला काय धरून बसायचं, काम बघावं."

ते चहावर फुंकर घालत म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर साली या नावापायी आमचं गावातलं घर पेटवलं, मनाळसाहेब. नावाला काही किंमत नसती तर एवढं रॉकेल कशाला वाया घातलं असतं?"

चहाचे पैसे त्यांनीच दिले.

१२ ऑक्टोबर

किल्लारीकडं भूकंप झाल्यापासून वहीला हात लावावासा वाटला नाही. पेपर उघडायची भीती वाटते.

वाडीच्या बायकांनी मदतीच्या ट्रकसाठी घोंगड्या गोळा केल्या. राजाबाईनं अंगावरची काढून दिली. मी म्हणालो, थंडी तोंडावर आलीय, तुम्हाला काय? ती म्हणाली, "मला मेंढरं हायेत की." आज मला या कामात पडलो याचं मनापासून बरं वाटलं. बाकी काही लिहीत नाही.

२८ ऑक्टोबर

बायकांनी मला 'गुरुजी' म्हणावं असं मी पहिल्या दिवशीच सुचवलं होतं. निदान 'सर'. हल्ली सगळ्या मला 'दाजी' म्हणायला लागल्या आहेत. "दाजी, खडू सरला." "दाजी, जरा तिकडं सरका, उजेड अडतोय." बहिणीच्या नवऱ्याला म्हणतात ते दाजी. इथं माझी बायको कुणाची बहीण लागते? पण खेड्यातली माणसं भोळी असतात, आदरानं काहीही म्हणतात. मी दुरुस्त केलं नाही.

९ नोव्हेंबर

संकट. मी काल सगळ्यांना बजावलं होतं की नवऱ्याचं नाव बोलू नका, नुसतं लिहा. लिहिण्यानं काही होत नाही. सुगंधाबाईनं हिय्या करून पाटीवर 'बि' काढला आणि घाबरून थांबली. आज सकाळपासून बिरूच्या पोटात कळा!

वाडी माझ्यावर उलटली. बिरू बाजेवर आडवा पडून म्हणत होता, "नुस्ता 'बि' लिवला तर हे हाल. 'रू' लिवला असता तर उचलावाच लागला असता मला." त्यानं काल पाहुण्यांकडं जावळाच्या जेवणात बोकडाचं कालवण किती खाल्लं ते मी विचारलं. ते कुणाला ऐकायचंच नव्हतं. सुगंधाबाई रडत होती. ती पाटी तिनं तीनदा पुसली आणि मग धुतली.

सोनाजी बिचारा समजूतदार. म्हणाला, "दाजी, आमच्या हिनं घेतलं नाव तर माझी काय हरकत नाय. पर आधी बिरू उठू द्या."

१४ नोव्हेंबर

बिरू उठला. पण बायका 'पूर्ण नाव' म्हटलं की पाटी उलटी घालतात.

आज एक वेगळीच गोष्ट कानावर आली. कस्तुराबाई सुगंधाबाईला सांगत होती, "वच्छलाबाईनं सांगितलं तसं काढ, वरून खाली." कोण ही वच्छलाबाई? मी विचारलं, तर दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. "आमची बाई हाय एक. लई चांगलं शिकिवती."

म्हणजे माझ्या वर्गात, मी नसताना, दुसरी कुणीतरी येऊन शिकवते! बहुतेक शहरातली एखादी संस्था असणार. आयत्या तयार बायका दाखवून अनुदान उचलायचं. आशाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "असेल कुणी," म्हणाली. तिला समाजकार्यातलं राजकारण कळत नाही.

वच्छला म्हटलं की मला आमची चुलतीच आठवते. आमच्या घरात ती एकच वच्छला होऊन गेली. फार कजाग.

५ डिसेंबर

दुपारी अचानक वाडीवर जाऊन आलो, ती वच्छलाबाई सापडते का बघायला. कुणी नाही. शेळी होती. सर्जेरावांकडं तोंडी तक्रार केली आहे. ते म्हणाले, चौकशी करतो.

१९ डिसेंबर

तोड सापडली! स्वतःच्या नवऱ्याचं नाव लिहायचं नाही, पण शेजारणीच्या नवऱ्याचं लिहायला कुठं बंदी आहे? कस्तुराबाईनं आपलं नाव लिहून पाटी सुगंधाबाईला द्यायची, सुगंधाबाईनं तिच्यावर 'सोनाजी' लिहून परत करायची. तिनं हिच्यावर 'बिरू'. आज सराव परीक्षा घेतली. पाट्या सटासट इकडून तिकडं. वीसच्या वीस पूर्ण नावं, एकही नवरा आजारी नाही. राजाबाईचा नवरा वारून पुष्कळ वर्षं झाली, तिला काय अडचण होती कोण जाणे. विचारलं तर म्हणाली, "मेल्यावर तरी कशाला तरास द्यावा त्यांना?" तिचंही भागलं.

ही कल्पना माझी. आशानं बोलता बोलता "शेजारणीचं चालतं त्यांना" एवढंच म्हटलं होतं, पद्धत मी बसवली. आलेखात वेगळ्या रंगानं दाखवली आहे.

९ जानेवारी १९९४

परीक्षा झाली. क्रमानं लिहितो.

दाभाडे साहेब आले आणि आल्या आल्या त्यांनी बायकांना हातभर अंतरावर बसवलं. पाट्यांऐवजी कागद. "कागद हलला तर पेपर रद्द." माझी पद्धत तिथंच संपली. पहिला प्रश्न त्यांनी मोठ्यानं वाचला. वीस बायका खाली मान घालून बसल्या. कुणी पेन्सिल उचलेना. देवळात नुसता कबुतरांचा आवाज. मला डोळ्यापुढं रिठे दिसायला लागला.

मग सुगंधाबाई उठली. "साहेब, पुरं नाव म्हंजी माहेरचं चालंल का? माझं आनि माझ्या बापाचं? बापाचं नाव घ्यायला आमाला कसली आडकाठी नाय."

दाभाडे साहेबांनी प्रश्नपत्रिका पुन्हा पाहिली. म्हणाले, "इथं 'स्वतःचं नाव' एवढंच लिहिलंय. तुमचं स्वतःचं कोणतं, ते तुम्ही ठरवा."

अशी खरखर सुरू झाली की विचारू नका. सुगंधाबाईचं मूळ नाव ठकू, बापाचं सांडू. कस्तुराबाईचं भामा. राजाबाई सगळ्यांत शेवटपर्यंत लिहीत होती. कागद देताना साहेबांना म्हणाली, "पारू. मला आता या नावानं हाक मारनारं कुनी जित्तं नाय. म्हनून नीट लिवलं." आणि डोळे पुसत हसत बसली. मलाही भरून आलं. आशा तर खांबाआड उभी राहून सरळ रडत होती.

सगळ्या पास! वीसच्या वीस!

मग दाभाडे साहेबांनी रजिस्टर काढलं. त्यात ठकू नाही, भामा नाही, पारू नाही. नियमानं माझ्या वर्गाच्या वीस विद्यार्थिनी गैरहजर, आणि ज्या पास झाल्या त्या वर्गातच नाहीत.

मी म्हणालो, साहेब, त्याच या. नावात फरक आहे इतकंच, नावाला काय... आणि थांबलो. ते माझ्याकडं बघत होते.

"आम्ही सोळा वर्षं धरून बसलोय," ते म्हणाले. "तुम्ही शुक्रवारपर्यंत बसा. एकेकीचं निवेदन आणा, दोन्ही नावांची बाई एकच आहे म्हणून. नवऱ्याची सही किंवा अंगठा, तो नसेल तर घरातल्या कुणाचा, आणि पोलीस पाटलाची सही. शुक्रवार शेवटचा."

१२ जानेवारी

तीन दिवस वाडीवर नवऱ्यांच्या मागं फिरतोय. अर्धे मेंढरांबरोबर रानात. सोनाजीला गाठलं, तर तो निवेदन ऐकून चाट पडला. "आमच्या हिचं नाव भामा हाय? आरं तिच्या मायला! दोन लेकरं झाली, कुनी सांगितलं नाय मला!" बिरूलाही ठाऊक नव्हतं. त्यानं 'ठकू' दोन-चारदा म्हणून बघितलं, मग पोट चाचपलं आणि अंगठा दिला.

लग्नाच्या बायकोचं मूळ नाव नवऱ्याला माहीत नसावं, याचं मला नवल वाटतं. किती हे अज्ञान. घरी आशाला सांगितलं. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि उठून दिवाबत्तीला गेली.

मी बायकांना सुचवून पाहिलं की निवेदनं कशाला, नवऱ्याचं सोडून नुसतं सासरचं नाव लिहायचा पेपर पुन्हा मागून घेऊ. पारूबाई, म्हणजे राजाबाई, म्हणाली, "आता नाय दाजी. एकदा लिवलं ते लिवलं."

१४ जानेवारी

आज शुक्रवार. नामांतराचा निर्णय होणार म्हणून शहरात जिकडं तिकडं पोलीस, एसट्या बंद, दुकानांची अर्धी शटर खाली. जिल्हा परिषदेत दाभाडे साहेब नाहीत. शिपाई म्हणाला, "ते काय आज टेबलावर सापडतात? भडकल गेटला बघा."

स्कूटर काढली. रस्त्यातच बातमी आली. झालं! डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. भडकल गेटला बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी माणसांचा समुद्र, ढोल, निळा गुलाल. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. मी निवेदनांची पिशवी छातीशी धरून गर्दीत अडकलो, आणि समोर दाभाडे साहेब! डोक्यापासून निळे, दोन्ही हात वर करून नाचत होते. मी त्यांना आधी ओळखलंच नाही, कारण ते हसत होते.

त्यांनी मला मिठी मारली. मी म्हणालो, "साहेब, अभिनंदन. आणि आजची शेवटची तारीख आहे."

ते मोठ्यानं हसले. माझ्या स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून त्यांनी एकेक वाचला. "ठकू सांडू. मंजूर. भामा. मंजूर." ढोल वाजतोय, सह्या चाललेल्या. पारूबाईच्या कागदावर निळं बोट उमटलं. म्हणाले, "राहू द्या तसंच. आजच्या दिवशी मी कुणाच्या नावाला नाही म्हणणार नाही."

मग ते म्हणाले, "शिक्षक म्हणून मात्र बायकांनी पेपरात वच्छलाबाई लिहिलंय. सगळ्यांनी. तेच पुढं पाठवतो."

ढोलाच्या आवाजात मी काय म्हणालो ते त्यांना ऐकू गेलं नाही.

१५ जानेवारी

व्हायचं तेच झालं. सर्जेरावांनी बोलावून पेढा दिला. जिल्ह्यात आमच्या वर्गासारखा निकाल कुठंच नाही. मी उठून उभा राहिलो. ते म्हणाले, "तालुका संघटक म्हणून समितीनं एकमतानं निवड केली, वच्छलाबाईंची. त्यांना घेऊन या सोमवारी. अर्ज भरून घेऊ."

पेढा तसाच परत खोक्यात ठेवला. रजा, खुर्ची, सात महिन्यांची धावपळ, सगळं त्या बाईनं गिळलं. घरी येऊन आशाजवळ मन मोकळं केलं. म्हणालो, उद्या चल माझ्याबरोबर, त्या बाईला तोंडावर विचारणार आहे. आशा म्हणाली, "खरंच विचारणार?"

"सगळ्यांसमोर."

"बरं," ती म्हणाली, आणि आत जाऊन चांगलं पातळ बाहेर काढून ठेवलं.

१६ जानेवारी

आशाला मागं बसवून वाडीवर गेलो. वीसही जणी सभामंडपात होत्या, संक्रांतीचा तिळगूळ घेऊन. मी स्कूटरवरून उतरलोसुद्धा नाही. म्हणालो, "बोलवा त्या वच्छलाबाईला. आत्ताच्या आत्ता."

सगळ्या माझ्या खांद्यावरून मागं बघायला लागल्या. पारूबाई म्हणाली, "मागं बघा की, दाजी."

मी मागं बघितलं. मागं आशाशिवाय कुणी नव्हतं. मला वाटलं, ती बाई पळाली.

मग बायका हसायला लागल्या, आणि आशा मात्र हसत नव्हती. खडूची पिशवी मांडीवर धरून ती माझ्याकडं बघत होती. आणि हळूहळू मला तांदळाचं ताट दिसायला लागलं. बावीस वर्षांपूर्वीचं, आमच्या लग्नातलं. घरात चुलती वच्छला, दोन वच्छला कशा चालतील, म्हणून थोरल्यांनी सांगितलं आणि मी अंगठीनं तांदळावर 'आशा' लिहिलं. तिच्या माहेरी सगळे तिला ताई म्हणतात. त्यामुळं ते नाव पुन्हा माझ्या कानावर आलं नाही. मी विचारलंही नाही.

"पहिल्या दिवशी यांनी मला विचारलं, सासरचं का माहेरचं," ती म्हणाली. "तसं मला कधी कुणी विचारलंच नव्हतं."

सोनाजी आणि बिरू ओट्यावर बसून सगळं बघत होते. सोनाजी म्हणाला, "असू द्या दाजी. आमाला बी ठावं नव्हतं."

मी तिळगूळ खाल्ला. दुसरं काय करणार?

१७ जानेवारी

वाडीवरून परतताना सर्जेरावांना सगळं सांगितलं, तेव्हा समितीचा अर्ज त्यांनी काल संध्याकाळीच घरी पाठवला. सकाळी स्वयंपाकघरातच ती लिहायला बसली. आजवर घरातले सगळे अर्ज मीच भरत आलोय. सवयीनं हात पुढं केला, तर तिनं पेन दिलं नाही. दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं निवेदन मात्र मी आधीच लिहून ठेवलं होतं. आता मला ते पाठ आहे. खाली नवऱ्याची सही केली.

पहिल्या ओळीत तिनं स्वच्छ, गोल अक्षरात 'वच्छला' लिहिलं आणि थांबली. पुढं नवऱ्याचं नाव.

"बापाचं लिही," मी म्हणालो. "चालतं. दाभाडे साहेब काही म्हणायचे नाहीत."

तिनं जरा विचार केला. मग खाली मान घालून एका दमात 'आप्पासाहेब' लिहिलं, पुढं 'मनाळ' जोडलं, पेन ठेवलं आणि माझ्या चेहऱ्याकडं निरखून बघत म्हणाली, "काही होतंय का? पोटात?"

कोपऱ्यावर कंपनीच्या बसनं दोनदा हॉर्न वाजवला.

"होतंय थोडं," मी म्हणालो.